मोटारीतला फेरबदल कंपनीस कळवावा

पत्राची नक्कल ठेवायची सवय लागली, की किस्से आपोआप साठत जातात. आमच्या घरी तांदळाच्या डब्याशेजारी पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात मी विमा कंपनीला लिहिलेल्या पत्रांच्या नकला आहेत. शेजारणी विचारतात, "एवढं काय लिहितीस ग? कादंबरी लिहितीस व्हय?" कसली कादंबरी! मी मोटारीच्या मागच्या बाकाची लांबी लिहिते.

मंडळी मोजकीच आहेत. मोटारीचे मालक आणि ड्रायव्हर म्हणजे आमच्या घरचे, माझे यजमान. बाबालाल मिस्त्री आधी टांगे बांधायचे, आता मोटारीचं सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही करतात. दौलूमामांनी सारी उमर टांगा हाकला, आता आमच्या उतारूंच्या मोटारीवर क्लीनर आहेत. उतारावर मोटारीनं वेग घेतला, की अजून तोंडानं "हो, हो, राजा!" म्हणतात. आणि बापूराव म्हणजे विम्याचे एजंट. माझं मराठी पत्र इंग्रजीत करून, दोन्ही मुंबईला धाडायचं काम त्यांचं.

*

हे सगळं सुरू झालं ते दुसऱ्याच्या मोटारीपासून.

पलीकडच्या पेठेतल्या एका मालकाची मोटार वाटेत जळाली. विमा होता, म्हणून तो निवांत होता. पण त्यानं मागं एक बाक वाढवला होता आणि कंपनीला सांगितलं नव्हतं. कंपनीनं कळवलं, "आम्ही विमा उतरवला ती मोटार पाच माणसांची. जळाली ती आठ माणसांची. ही मोटार आमच्या ओळखीची नाही."

झालं! मालक होता, तो दुसऱ्याच्या मोटारीवर ओझी चढवू लागला. त्याची बायको मला हौदावर भेटली. खाली मान घालून घागर भरून गेली. माझा बाळ तेव्हा तीन महिन्यांचा. आमचंही सगळं एका मोटारीवरच. मला आधीच काळजी करायची खोड, त्यात हे!

त्या दिवशी मी ठरवलं. मोटारीचा एक खिळा जरी बदलला, तरी तो कंपनीला कळलाच पाहिजे. मग कुणी हसो!

*

हसले तर सगळ्यात आधी बाबालाल मिस्त्री.

आमच्या मोटारीलाही त्यांनी मागं बाक केला होता, चांगला सागवानी. मी फूटपट्टी घेऊन मापं घेऊ लागले.

मिस्त्री म्हणाले, "वैनी, हे कशाला सांगायचं म्हन्तो मी? मुंबैस्नं बघाय कोन येतंय?"

मी म्हटलं, "आत्ता न्हाई येत. जळाल्यावर येतंय की!"

मिस्त्रींनी माझ्या हातातून फूटपट्टी घेतली आणि स्वतःच माप सांगितलं. वर म्हणाले, "सागवान हाय, तेबी लिवा. बाभळीचा न्हवं!"

*

हॉर्न वाजला तरी माणसं रस्त्यातून हटत नाहीत, ही दौलूमामांची तक्रार. "ह्यो भोंगा कुनाच्या वळखीचा न्हाई. मानूस घंटीला हटतंय." म्हणून त्यांनी आपल्या जुन्या टांग्याची पायघंटी मोटारीला बसवली. आणि खरंच माणसं हटायला लागली!

मी कळवलं, "मोटारीस टांग्याची घंटी एक बसविली आहे."

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. बापूरावांनी चष्मा लावून वाचून दाखवलं, "घंटीबरोबर घोडाही आहे काय, ते कळवावे."

मामा पोट धरून हसले. मला हसू येईना. खोटं कसं लिहिणार? पावसाळ्यात गडहिंग्लजच्या वाटेवर ओढ्याला पाणी आलं, की मोटार बैलं जोडून पलीकडं काढावी लागते.

मी लिहिलं, "घोडा नाही. पावसाळ्यात ओढ्यापुरते दोन बैल असतात. ते आमचे नव्हेत, ओढ्याकाठच्या पाटलांचे आहेत."

त्यावर कंपनीनं काही विचारलं नाही.

*

दसऱ्याला मोटारीची पूजा झाली. दौलूमामांनी पुढं लिंबू-मिरची बांधली. मिस्त्रींनी दर्ग्यातून आणलेला हिरवा दोरा स्टेअरिंगला बांधला. मग दोघांची जुंपली. मोटार राखतंय कोण, लिंबू का दोरा?

मामा म्हणाले, "लिंबू पुढं असतंय. संकट पुढनंच येतंय की!"

मिस्त्री म्हणाले, "आन मागनं मोटार ठोकली तर? लिंबू काय मान वळवून बघनार हाय?"

आमच्या घरचे म्हणाले, "अरे, मोटार मी हाकतो! माझं नाव कुणी घ्याल का न्हाई?"

मी दोन्ही वस्तू पत्रात घातल्या. बापूराव आले, त्यांनी वाचलं आणि डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली.

"वहिनी, कंपनी लिंबाचा विमा उतरवत नाही हो!"

"उतरवू नका," मी म्हटलं. "पण उद्या कंपनीनं विचारलं, हे लिंबू कधी बांधलं, तर तुम्ही सांगाल?"

बापूरावांनी पगडी परत डोक्यावर घातली आणि पत्र खिशात घातलं.

*

आता आमच्या घरच्यांचा किस्सा. लिहू नको म्हणालेत, तरी लिहिते.

एक दिवस बाळ झोपेतून दचकून उठला. बाहेर असला आवाज, की वाटलं भिंत पडली! मी दारात आले तर रस्त्यावर मोटार नाही. पुष्कळ वेळानं, दोन गल्ल्यांपलीकडून, आमचीच मोटार आली. दुसऱ्या मालकाची मोटार मोठा आवाज करते, तिच्यात उतारू जास्त बसतात, म्हणून ह्यांनी आणि मिस्त्रींनी धुराच्या नळीवरचा डबा काढून टाकला होता.

मी दौत घेतली.

"अग, आवाज काय लिहायचा?" हे म्हणाले. "आवाज म्हणजे काय बाक हाय?"

मी लिहिलं, "मोटारीचा आवाज वाढविला आहे. दोन गल्ल्या ऐकू जातो."

दुसऱ्या दिवशी डबा गुपचूप परत बसला. मला वाटतं, पत्रापेक्षा बाळाच्या रडण्यानं काम केलं. तरी मी दुसरं पत्र लिहिलंच, "मागील पत्रातील आवाज काढून टाकला आहे."

*

आणि मग जे व्हायला नको होतं, ते झालं.

श्रावणात मी बाळाला घेऊन माहेरी, चंदगडला निघाले. सोबत उतारूही होते. चंदगडचा पाऊस म्हणजे पुढचं चाक दिसू देत नाही. एका वळणावर रस्त्याची कड खचली, मोटार घसरली आणि एका कुशीवर चरात जाऊन पडली. माणसं वाचली. कुणाचं कोपर सोललं, कुणाचा गुडघा. पण पुढच्या चाकांचा दांडा मोडला, इंजिनाला तडा गेला. बैलं लावून मोटार घरी आणली, ती ओढ्यापुरती नव्हे, सगळी वाट.

मुंबईहून तपासनीस आले. उंच, कमी बोलणारे. बगलेत माझ्या पत्रांचा गठ्ठा! ते एकेक कागद वाचायचे आणि मोटारीवर बोट ठेवायचे. बाक? आहे. सागवानी? आहे. घंटी? मामांनी वाजवून दाखवली. दोरा? आहे. लिंबू?

"हाय की साहेब," मामा म्हणाले, "पर वाळलंय."

"ते चालेल," साहेब म्हणाले.

गठ्ठा संपला. मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात साहेब वाकले आणि मोटारीच्या छपराखाली बघू लागले. पुढच्या बाजूला, लोखंडी कमानीला दोन कड्या होत्या.

"ह्या कुठल्या? ह्या पत्रांत नाहीत."

आमच्या घरच्यांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्रींनी मामांकडं बघितलं. मामा आभाळाकडं बघू लागले. बापूरावांचा चेहरा पांढरा पडला.

हे पटकन म्हणाले, "ताडपत्री अडकवायच्या हायत, साहेब. मोटारीबरोबरच आल्यात."

माझ्या डोळ्यापुढं ती हौदावरची बाई आली. पण तेवढी सगळी पत्रं खरी लिहिली आणि शेवटी तोंडानं खोटं?

"न्हाई साहेब," मी म्हटलं. "त्या झोळीच्या कड्या आहेत. बाळाची झोळी. मीच मिस्त्रींकडून लावून घेतल्या, आणि कळवायचं मीच विसरले."

बापूरावांनी पगडी काढून हातात घेतली.

"अपघाताच्या वेळी झोळी होती?" साहेबांनी विचारलं.

"होती."

"रिकामी?"

"न्हाई. बाळ होता तिच्यात."

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्या कडेवरच्या बाळाकडं बघितलं. "याला काय झालं?"

"काही नाही. मोटार आडवी झाली, पण झोळी सरळच लोंबत राहिली. हा जागासुद्धा झाला नाही."

साहेबांनी एक कडी हातात धरली आणि सगळा जोर लावून ओढली. मग दुसरी. मिस्त्री पुटपुटले, "घोड्याच्या साजाचं लोखंड हाय ते..." साहेबांनी माझं शेवटचं पत्र मोटारीच्या दारावर पसरलं, खाली पेन्सिलीनं स्वतःच मराठीत लिहिलं, "कड्या दोन, झोळीच्या," आणि सही केली.

"आता यादी पुरी झाली," ते बापूरावांना म्हणाले. "भरपाईचा कागद करा."

ह्यांनी ओट्यावर बसकण मारली. मामांनी घंटी वाजवली, उगीचच!

साहेब टांग्यात चढले. टांगा हलला, दहा पावलं गेला आणि थांबला. साहेबांनी मान बाहेर काढून हाक मारली, "मिस्त्री! असल्या दोन कड्या मला करून द्याल? मुंबईच्या माझ्या मोटारीला लावायच्यात."

मिस्त्री काही बोलायच्या आत मी पुढं झाले.

"देतील की साहेब! पण आधी कंपनीला कळवा!"