गल्लीची साडेसाती आणि आमचा काळा

आम्हाला कुत्रा छोटा हवा होता. म्हणजे नवऱ्याला हवा होता. इंदूरजवळच्या राऊमधल्या आमच्या रो-हाउसला अंगण जेमतेम एक स्कूटर मावेल एवढं, मी दिवसभर कॉलेजात शिकवायला, तो सांवेर रोडच्या कारखान्यात. मांडीवर मावेल असं काहीतरी आणू, असा त्याचा बेत. आणि आणलं काय, तर रेडकाएवढं काळंभोर धूड.

शेल्टर चालवणाऱ्या बाईंनी पिल्लं बघायला बोलावलं होतं. पिल्लं पायात घोटाळत होती आणि हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन-तीन घरांनी नेऊन परत आणून सोडलाय, बाई म्हणाल्या. कुणाला काळा रंग अपशकुनी वाटला, कुणाला हा आळशी वाटला. नुसता खातो, झोपतो, फिरायलाही उठत नाही. मला रागच आला. माझा राग लवकर येतो आणि सहसा महागात पडतो. याला आम्ही नेतो, असं मी म्हणून टाकलं. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडीचं मागचं सीट आडवं करायला गेला.

तुकोगंजच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा आळशी नाही, आजारी आहे. थायरॉइड. म्हणून अंग सुटलंय, म्हणून पाठीवरचे केस गेलेत. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, मोजून जेवण, भरपूर फिरणं. गोळी जन्मभर लागेल, पण गडी ताजातवाना होईल.

शेल्टरच्या बाईंचं मात्र दुधाने तोंड पोळलेलं. त्या ताकही फुंकून पिणार. दोन महिने बघू, त्या म्हणाल्या. तब्येत सुधारली तर तुमचा, नाहीतर मी परत नेईन. बोलणं रास्तच होतं. आम्ही नाव ठेवायचंही लांबणीवर टाकलं. उद्या जाणाऱ्याचं बारसं कशाला करायचं? गल्लीने काही वाट पाहिली नाही. इंदुरात ज्याचं नाव माहीत नसतं तो भिया, म्हणजे भैया. हाही भिया झाला.

या भियाची एक सवय होती. कुठल्याही गाडीचं दार उघडं दिसलं की जाऊन आत बसायचं. भाजीवाल्याच्या टेम्पोत बसला. समोरच्यांच्या पाहुण्यांच्या गाडीत बसला. शाळेच्या व्हॅनमध्ये चढून बसला तेव्हा पोरं खिदळून लोळायची बाकी होती. मीही हसत हसतच त्याला उतरवायला गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं. आत बसला की तो आमच्या घराकडे पाठ करायचा. कुणीतरी परत न्यायला आलंय हे धरूनच चालला होता तो. ओढाताण नको म्हणून बिचारा आपण होऊनच चढायचा. मला तिथेच रडू फुटलं. व्हॅनवाला भला माणूस, तो दुसरीकडे बघत आरसा पुसत राहिला.

त्या दिवसापासून मी हट्टालाच पेटले. हा कुठेही जाणार नाही. गोळी वेळेवर, जेवण तराजूवर. आणि महिन्याभराने डॉक्टरांच्या काट्यावर उभा केला तर वजन वाढलेलं. डॉक्टर माझ्याकडे असं बघायला लागले जसं मी कॉपी केलेल्या पोरांकडे बघते. संशय अर्थातच नवऱ्यावर. हा माणूस इंदुरात आल्यापासून पोह्यांवर शेव, डाळीवर शेव, मला वाटतं पेढ्यावरही शेव टाकून खाईल. चोरून कुत्र्याला भरवत असणार. त्याने देवाशपथ सांगितलं, मी विश्वास ठेवला नाही. दोन दिवस घरात अबोला.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. नवरा पहाटे कुत्र्याला अंगणात सोडून आंघोळीला जायचा. त्या दिवशी मी लवकर उठून खिडकीचा पडदा सरकवला, तर आमच्या फाटकाशी चक्क रांग. शेजारच्या काकू तेल माखलेली पोळी घेऊन, त्यांच्यामागे एक रिटायर्ड काका जिलबीसारख्या इमरतीचा द्रोण घेऊन, त्यांच्यामागे दूधवाला. आणि फाटकाच्या आत आमचे चिरंजीव, देवळातल्या मूर्तीसारखे गंभीर, एकेकाचा नैवेद्य स्वीकारत बसलेले.

मी तशीच गाऊनवर बाहेर धावले. हे काय चाललंय म्हणून विचारलं, आवाज चढवूनच विचारलं. काकू पिढ्यान्‌पिढ्या इंदूरच्या मराठी, त्यांना माझाच अचंबा वाटला.

"अगं, काळा आहे ना तो. शनिवारी काळ्याला सरसोंच्या तेलाची रोटी खिलवली की साडेसाती उतरते. पूर्ण कॉलनीत हाच एक तर काळा आहे. तुमच्या तिकडे नाही करत का?"

आमच्या तिकडे, म्हणजे नगरकडे, शनीला तेल वाहतात ते शिळेवर. शिळेचं वजन वाढत नाही. इथे साडेसाती अख्ख्या गल्लीची आणि चरबी आमच्या कुत्र्याची. शिवाय शनिवारची वाट कशाला बघा, म्हणून रोज आदल्या रात्रीची शेवटची, कुत्र्यासाठी काढलेली पोळीही त्यालाच मिळत होती, तीही मी गोळी द्यायच्या आधी. काकूंच्या मुलाचं लग्न अडलं होतं, त्यामुळे त्यांचा हात तर फारच सढळ.

मी भांडायलाच निघाले होते, पण आवाज भलतीकडेच गेला. "त्याला थायरॉइड आहे हो काकू. वजन उतरलं नाही तर त्याला परत नेतील."

काकूंचा पोळीचा हात मागे गेला. "थायराइड? याला पण?" त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. "मग खाली पेट गोळी द्यायची असते. मी रोज घेते, मला विचारायचं ना."

आणि त्यांनी रांगेकडे वळून जाहीर केलं, की भियाला आजपासून खाणं बंद. शनी महाराजांना सेवा पण चालते. ज्याला ग्रह उतरवायचा असेल त्याने याला फिरवून आणायचं.

शास्त्रात हे कुठे आहे, कुणी विचारलं नाही. काकूंपुढे कोण विचारणार? दर शनिवारी गल्ली पाळीपाळीने त्याला फिरवू लागली, आणि बाकीचे दिवस काकू स्वतः, कारण त्यांनाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि त्या ऐकत नव्हत्या. सकाळी दोघं आपापली गोळी घेऊन निघायचे, धापा टाकत परतायचे. काकूंच्या मुलाचं लग्न अजून जमलेलं नाही, पण काकूंना जुने ब्लाउज पुन्हा होऊ लागले आहेत. नवऱ्याची मी माफी मागितली, शेव आणून.

दोन महिने सरले तेव्हा शेल्टरच्या बाई आल्या, तोही शनिवारच. वजन उतरलं होतं, पाठीवर केस चमकत होते. पुढे आणखी कुत्री आणायची म्हणून त्या व्हॅन घेऊन आल्या होत्या, आणि उतरताना दार उघडंच राहिलं.

भिया पायरीवर पडला होता. त्याने दाराकडे बघितलं. उठला, फाटकातून बाहेर पडला, व्हॅनपाशी गेला आणि आत तोंड घातलं. मी पुढे झाले तर नवऱ्याने माझा हात धरला.

तेवढ्यात काकू पट्टा घेऊन बाहेर आल्या, आज किती देर म्हणून कुरकुरत. भियाने व्हॅनमधून तोंड काढलं. जाऊन काकूंसमोर बसला आणि पट्ट्यासाठी मान वर केली.

मग शेल्टरच्या बाईंनीच व्हॅनचं दार ओढून लावलं.