आईची दुपार

उल्हासनगरची चाळ सोडून आम्ही चिखलोलीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. चाळीत ती घरी जीन्स शिवायची आणि शेजारच्या सिंधी काकूंशी तिच्या दिवसभर गप्पा चालायच्या. इथे आल्यावर ते काम सुटलं. बाबा आधीच गेले होते आणि मी दिवसभर कामावर. काही महिन्यांतच आईचं डोकं दुखू लागलं, झोप उडाली, जेवण जाईना.

बेलवलीतल्या आमच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, डोळे तपासून घ्यायला लावले. काहीच निघालं नाही. मग एकदा त्यांनी विचारलं, "काकू, दुपारी तुम्ही कोणाशी बोलता?"

"कोणाशीच नाही," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"मन असं खचणं हाही आजारच आहे. बरा होतो," असं सांगून बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. मला म्हणाल्या, "यांना माणसं हवीत आणि हाताला काम हवं."

त्या रविवारी मी बाल्कनीत झाकून ठेवलेली शिलाई मशीन हॉलमध्ये आणली आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींना आई कपडे शिवून देते असं सांगून आले. त्या ब्लाउज घेऊन आल्या, चहा पिऊन गेल्या आणि पुढच्या वेळी जावेलाही घेऊन आल्या.

पुढे बाईंनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. परवा मी दुपारीच घरी आले, तर हॉलमध्ये बसायला जागा नव्हती.

"तू आत जाऊन बस," आई म्हणाली, "आमचं महत्त्वाचं चाललंय."