थांबणारी मोटार

आमचे दत्तोबादादा इंदापूर–बारामती सर्व्हिस मोटार चालवायचे, आणि त्यांची एकच ऐट होती: सकाळी आपण नेलेला माणूस संध्याकाळी परत आल्याशिवाय बारामतीहून मोटार हलवायची नाही. लोक बाजारात चकाट्या पिटत बसायचे अन् दादा आपले मोटार चालू करायचं हँडल हातात घेऊन उभे. मी त्यांचा धाकटा भाऊ, तिकिटं फाडायचो आणि चडफडायचो.

मोटार पुण्याच्या एका कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेली. वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला तशा त्या रस्त्यावर आणखी चार मोटारी आल्या, उतारू वाटले गेले, हप्ते थकले. छत्तीस साली त्या कंपनीचं पत्र आलं: अमुक तारखेला बारामतीला आमचा माणूस येईल, मोटार त्याच्या ताब्यात द्या.

त्या तारखेच्या सकाळी दादांनी नेहमीसारखे उतारू भरले. "संध्याकाळी मोटार नसणार म्हणून यांना सांगून टाका की," मी म्हणालो.

"सांगतो रं, उतरताना सांगतो."

आमच्या आळीतली म्हातारी ठमाबाई सुनेला डॉक्टरकडं घेऊन आली होती. उतरताना तीच म्हणाली, "दत्तोबा, आमाला उशीर हुईल. थांबशील न्हवं?"

"थांबतो की, मावशी."

मीही तोंड उघडलं नाही. आज लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते.

दहा वाजता कंपनीचा माणूस मोटार घेऊन गेला. दिवसभर दादा स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात, भिंतीकडं तोंड करून बसले. संध्याकाळी ठमाबाई सुनेला घेऊन स्टँडवर परतली तेव्हा संभाजीची मोटार निघायला आली होती. तोही आमच्याच रस्त्यावरचा मोटारवाला. "मावशी, चला," तो म्हणाला. "दत्तोबांची मोटार कंपनीनं नेली."

"जळलं तुजं त्वांड!" ठमाबाई भडकली. "उतारू पळवायला लबाड बोलतोस? आमाला टाकून जायचा न्हाय त्यो!"

दुकानात शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी दादांचा दंड धरला. शेवटी ते उठले, तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. "मावशी, खरं बोलतोय त्यो. मोटार गेली. मला सकाळीच ठावं हुतं."

मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली ऐकायची. पण ती संभाजीकडं वळली. "चुकलं रं बाबा माजं. तुला उगं बोलले."

चारचौघांत कुणी थोबाडीत दिली असती तरी दादांना इतकं लागलं नसतं.

संभाजीनं आम्हालाही मोटारीत घेतलं. तीस मैल ठमाबाई सुनेला औषध कसं घ्यायचं ते सांगत होती. दादांना तिनं एका शब्दानं काही विचारलं नाही, आणि इंदापूर आलं तरी त्यांना मान वर करता आली नाही.