पन्हळकाकांचा रॅक

गाडीवरच्या रॅकचा चौथा कॅटलॉग टेबलावर आपटून पन्हळकाका म्हणाले, "मूर्ख आहेत लेकाचे! माणसाला शिडी ठेवायचीय, विमान उतरवायचं नाहीये, एवढं साधं कळत नाही यांना?"

घरात ऐकणारं कोणी नव्हतं असं नाही. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि मधलं दार सताड उघडं होतं. पण गेले दहा दिवस काका जे काही बोलत ते काकू ऐकून घेत आणि हातातलं काम पुढे चालू ठेवत. जेवायला वाढत, कपडे धुऊन ठेवत, "गोळी घेतली का" म्हणून विचारत, बस. भांडल्या असत्या तर काकांना चाललं असतं. भांडणात काका कुणाला हार जायचे नाहीत. हे गप्प राहणं मात्र त्यांच्या डोक्यात जायचं.

छपराच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळी बसवायच्या, गळक्या बदलायच्या, त्यांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, हा काकांचा धंदा. तीस वर्षं झाली. वर काका आणि खाली काकू. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी शिडी धरणारा गडी काम सोडून गेला, तेव्हा काकू "आजच्यापुरती धरते" म्हणून उभ्या राहिल्या, त्या आजतागायत. एक पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हात शिडीला, नजर वर. रस्त्याने जाणाऱ्याने पत्ता विचारला तरी काकू मान वळवायच्या नाहीत, वर बघतच उत्तर द्यायच्या. दुसऱ्या कुणी शिडी धरली की वर काकांचे पाय लटपटायचे. हे काकांनी जन्मात कबूल केलं नसतं. पण काकू आजारी पडल्या की नेमकी त्याच दिवशी काकांनाही कणकण यायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

दोघांची आणखी एक रीत होती. काम संपलं की शिडी पिकअपच्या हौद्यात चढवायची, पुढचं टोक हत्यारांच्या पेटीवर टेकवायचं, मागचं टोक हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून बाहेर. मग दोर काकू बांधणार. आणि काका त्या दोराला दोन्ही हातांनी लोंबकळून बघणार आणि म्हणणार, "बसली." त्याशिवाय किल्ली फिरायची नाही. एकाने बांधायचं, दुसऱ्याने ओढून बघायचं. कुणी ठरवलं नव्हतं, पण तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

दहा दिवसांपूर्वी चुकलं. काकू घरमालकाची बादली परत द्यायला आत गेल्या होत्या, काकांना दुसऱ्या कामावर पोचायची घाई. त्यांनी दोर स्वतःच बांधला आणि स्टिअरिंगवर जाऊन हॉर्न वाजवायला लागले. काकू धावत आल्या, मागे थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ओढून बघू का?"

"बांधलंय मी! तू बस आधी!"

काकू बसल्या. पुढच्या चौकात एक स्कूटरवाला समोर आला, काकांनी करकचून ब्रेक दाबला, आणि मागून शिडी सुटली ती थेट केबिनची मागची काच फोडून आत. दोघांच्या मधून, काकूंच्या कानाला चाटून, समोर जाऊन आदळली. कानाला तीन टाके पडले. केसांतले काचेचे तुकडे वेचायला संध्याकाळ गेली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. काका मात्र बोलले, रस्ताभर बोलले. "त्या स्कूटरवाल्याला फोडून काढला पाहिजे!" आता तो बिचारा आपल्या बाजूने, आपल्या वेगाने चालला होता. त्याचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा.

काकांनी दोन दिवसांत नवी काच बसवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पिकअप दारात उभी करून हाक मारली. काकू दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी नाही बसत."

"अगं, का?"

"तुम्हीच विचार करा."

काकांनी विचार केला. आपल्या पद्धतीने केला, म्हणजे लोखंडाच्या बाजूने केला. बायको काचेला घाबरली. मग काचेच्या मागे काहीतरी भक्कम हवं. झालं, त्या दिवसापासून काका हात धुऊन त्या एकाच गोष्टीच्या मागे लागले. मध्ये एकदा रोजंदारीवरचा एक माणूस घेऊन कामावर गेले, तिसऱ्या पायरीवरून खाली पाहिलं तर तो एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइल बघतोय. काका तसेच खाली उतरले आणि घरी आले. धंदा ठप्प.

सल्ला द्यायला मेहुणा होताच. काकूंचा धाकटा भाऊ. गाद्यांच्या कंपनीची गाडी चालवायचा, त्यामुळे जगातल्या समस्त वाहनांचं ज्ञान आपल्याला आहे अशी त्याची समजूत. "दाजी, तुम्ही असं करा. वर शिडीचा रॅक आणि केबिनच्या मागे हेडेक रॅक. म्हणजे उभी जाळी. माल पुढे घसरला तर काचेवर नाही, जाळीवर आपटतो."

"हेडेक रॅक?" काका म्हणाले.

"नाव शोभतंय," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. तीन दिवसांत घरात झालेला तो एकमेव विनोद, आणि काकांना तोही झोंबला.

मग सुरू झाली वणवण. एका दुकानात ॲल्युमिनियमचा रॅक होता. हलका, गंजायची भीती नाही, पण काकांनी हाताने हलवला तर पत्र्याच्या डब्यासारखा खडखडला. दुसऱ्याकडे लोखंडी, पण त्यासाठी हौद्याला आठ भोकं पाडायची. "माझ्या गाडीची चाळण करता काय?" म्हणून काका बाहेर. तिसरा क्लॅम्पने आवळायचा, भोकं नकोत, छान. पण त्याच्या जाळीला नुसते उभे गज. काकांनी खिशातून टेप काढून दोन गजांमधलं अंतर मोजलं आणि दुकानदाराच्या तोंडापुढे टेप धरली. "यातून शिडीचा पाय आरपार जातो! मग ही जाळी काय शोभेला लावू?" दुकानदार म्हणाला, "मग अख्खा पत्रा घ्या." पत्रा घेतला तर मागचं काही दिसणार नाही. आणि मागे काकू बघायच्या. गाडी चालू असताना दर दोन मिनिटांनी मान वळवून शिडीवर नजर टाकायची त्यांची सवय काकांना पक्की माहीत होती. पत्रा बाद.

राहता राहिली रॅकची उंची. शिडीचं दुसरं टोक काकू उचलायच्या, आणि काकू काकांच्या खांद्याला लागतात. रॅक उंच झाला तर त्यांचा हात पोचणार नाही. "जरा हात वर करून दाखव" असं म्हणायची सोय घरात उरली नव्हती. म्हणून एका दुपारी काकू बाहेर गेल्याचं बघून काका टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरले. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काकू स्टुलाशिवाय काढतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. त्यांनी जमिनीपासून त्या फळीपर्यंतचं माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि हातावर पेनने लिहून ठेवलं.

बाजारात त्या मापाचं काहीच मिळेना. शेवटी वेल्डरला गाठलं. त्याने बारीक चौकोनांची जाळी, फळीच्या उंचीचे खांब, वरून दोन दांडे, सगळं काकांच्या सांगण्याबरहुकूम केलं. बोल्ट आवळले. काका खूश. हातोडी ठेवायला म्हणून त्यांनी पेटीचं झाकण उचललं, तर झाकण चार बोटं उघडलं आणि आडव्या गजाला ठणकन आपटून थांबलं.

"पेटीचं माप कोणी घेतलं?" वेल्डरने विचारलं.

"मीच."

"झाकण उघडून घेतलं का?"

काकांनी झाकण पुन्हा एकदा उचलून पाहिलं. ठणकन.

"मग आता पेटी कायमची बंदच ठेवायची का, काका?" वेल्डर म्हणाला, आणि वर फिदीफिदी हसला. काकांना वाटलं, हाच गज उपटावा आणि याच्याच टाळक्यात घालावा. सगळ्यांच्या मापात खोट काढत पंधरा दिवस हिंडलो, आणि शेवटी आपलंच माप चुकलं. गज कापला, वर सरकवला, पुन्हा जोडला, रंग दिला. त्यात आणखी दोन दिवस गेले.

बाविसाव्या दिवशी सकाळी नवाकोरा रॅक मिरवत पिकअप दारात उभी राहिली. काकांनी हॉर्न दिला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी जाळीवर मूठ आपटून पाहिली. जाळीतून पलीकडची केबिन दिसते का ते पाहिलं. मग हात वर केला. तो वरच्या दांड्यावर अलगद पोचला, टाच उचलावी लागली नाही.

"उंची बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"असणारच. साखरेच्या फळीचं माप घेतलंय."

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी असं नीट पाहिलं. पण केबिनकडे काही त्या गेल्या नाहीत.

काकांचा तोल सुटला. "आता काय राहिलं? रणगाडा आणू? काच नवी, जाळी नवी, रॅक नवा! आणखी काय पाहिजे तुला?"

"मी जाळी मागितली होती?"

"मग?"

"तीस वर्षं तुमच्या शिडीखाली उभी आहे मी," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही वरून 'धर' म्हणता, मी धरते. कधी विचारलं नाही का म्हणून. त्या दिवशी मी एकदा विचारलं, ओढून बघू का. तर बस म्हणालात."

"अगं, पण तो स्कूटरवाला..."

काकूंचा हात कानाकडे गेला. टाके निघाले होते, खूण राहिली होती. काका खाली वाकले, कारण नसताना टायर दाबून पाहिला, आणि टायरकडेच बघत काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"गाठ माझी सैल होती." काका उभे राहिले. "सैल होती गं. बांधतानाच कळलं होतं मला. म्हटलं, जाईल एवढ्यावर. तू विचारलंस तेव्हा राग आला, कारण तुझं बरोबर होतं. दोन बोटं इकडे असती शिडी, तर..." त्यांनी बाहीने नाक पुसलं.

काकूंनी पदर कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "शिडी आणा."

दोघांनी दोन टोकं धरून शिडी चढवली. काकांनी सवयीने दोर काकूंपुढे केला. काकूंनी घेतला नाही.

"तुम्ही बांधा."

काकांनी बांधला. सोडून पुन्हा बांधला, जास्त आवळून. मग ते बाजूला झाले. काकू पुढे आल्या, दोन्ही हातांनी दोर धरला आणि पाय उचलून अख्ख्या लोंबकळल्या. दांडा करकरला. गाठ तसूभरही हलली नाही.

"बसली," काकू म्हणाल्या.

मग त्या गाडीला वळसा घालून गेल्या, दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि जाळीतून एकदा मागे पाहून घेतलं. काका अजून रस्त्यातच उभे होते.

"अहो, चला की," काकूंनी खिडकीतून हाक मारली. "बावीस दिवसांची कामं पडलीयत."