ज्यांची माहिती, त्यांच्यासमोर

गजभिये मॅडममुळे माझी पीएच.डी. दोन वर्षं लांबली.

काल सकाळी वर्ध्यात मॅडम गेल्या. वय चौऱ्याहत्तर.

मॅडम कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. प्राध्यापक नव्हत्या, कोणाच्या गाईडही नव्हत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दर रविवारी सकाळी दहाला, घराजवळच्या समाजभवनात, पीएच.डी. करणाऱ्यांचा वर्ग सुरू केला. विषय कोणताही चालायचा. कापसावरची कीड, कविता, केमिस्ट्री.

संशोधन तुमचा गाईड शिकवेल, असं त्या म्हणायच्या. बाकीचं त्या शिकवायच्या.

ई-मेल कसा लिहायचा. सेमिनारमध्ये वेळ संपली की कसं थांबायचं. सीव्हीत काय ठेवायचं, काय काढायचं.

कारंज्याच्या एका मुलाने सीव्हीत छंद लिहिला होता, 'मित्रांना मदत करणे'.

"हा छंद नसते रे बाबू, स्वभाव असते. खोडून टाक. अन् मदत करत राय."

वर्गात सक्ती एकाच गोष्टीची. थिसीस जमा करायच्या आधी, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर जाऊन वीस मिनिटं बोलायचं. पीपीटी नाही. इंग्रजी नाही.

"मोठे लोक काई म्हणत नाई. ज्यायची माहिती हाय, ते बरोबर बोलते."

माझा विषय होता, गावातल्या बायका मोबाईलवर बातम्या कशा वाचतात. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, रिपोर्टरच्या बातम्या तपासून छापायला सोडायच्या कामावर. काम झटपट उरकायची सवय. प्रत्येक गावात बचत गटाच्या बैठकीला जायचं आणि एका दुपारी सर्व्हेचे सगळे फॉर्म भरून आणायचे, असं मी केलं होतं. या वेगाचं मला फार कौतुक होतं.

जमा करायला तीन आठवडे उरले होते. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळणार नव्हती. एका कॉलेजात जागा निघणार होती आणि मला ती हवी होती.

नियमाप्रमाणे मॅडमसोबत, त्या गावांपैकी एक असलेल्या केळझरला गेले. देवळाच्या टेकडीखाली, बचत गटाच्या अध्यक्षबाईंच्या ओसरीवर बसलो. मी सांगितलं की इथल्या जवळजवळ सगळ्या बायकांकडे स्वतःचा मोबाईल आहे आणि त्या रोज बातम्या वाचतात.

समोर बसलेल्या शोभाताईंनी शेजारणीला कोपर मारलं आणि हसल्या.

मॅडमचं लक्ष होतंच. "काय झालं वं बाई? आमालेबी सांग."

"काई नाई. माह्याजवळ मोबाईलच नाई."

"मंग फॉर्मवर हो काऊन लिवलं?"

"अध्यक्षबाईनं सांगतलं. आमाले वाटलं योजना आली. ज्याच्यापाशी मोबाईल, त्याले काईतरी भेटन."

अध्यक्षबाई उसळल्या. "सगळ्यायचं सारखं लिवलं पायजे म्हणलं मी. नाईतर एकीचं नाव लागते अन् दुसरीचं कटते. मंग भांडणं कोण सोडवन, तू?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग लक्षात आलं.

सगळ्या गावांत मी असेच फॉर्म भरून घेतले होते.

गाईडना फोन केला. ते म्हणाले, "सगळ्यांचे फॉर्म असेच असतात. जमा करून टाका."

परतीच्या एसटीत मी मॅडमना म्हटलं, "शेवटच्या प्रकरणात 'अभ्यासाच्या मर्यादा' म्हणून एक ओळ टाकते."

"टाक ना. तुहा थिसीस हाय. मी कोणाले सांगाले जाणार नाई."

सेलूचा स्टँड मागे गेला. मग म्हणाल्या, "रिपोर्टरनं अशी बातमी आणली तर तू छापशीन?"

छापली नसती.

थिसीस जमा केला नाही. रजिस्ट्रेशन संपलं. कॉलेजातली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

चार महिने मी रविवारी गेले नाही. रागावले होते. मॅडमना ते सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून घरच्यांना ऐकवत होते.

मग एक दिवस मॅडमचा फोन आला.

"शोभाबाई दुपारी घरी असते. नवरा वावरात. बाकीच्या बायायचीबी वेळ इचारून आली मी. मंगळवारी येजो."

म्हणजे या बाई एकट्याच एसटीने केळझरला जाऊन आल्या होत्या.

पुन्हा रजिस्ट्रेशन केलं. माझी ड्युटी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी घरोघर जायला लागलो. एका वेळी एकच बाई. मी आत स्वयंपाकघरात बसून प्रश्न विचारायची आणि मॅडम बाहेर सासूला गप्पांत गुंतवून ठेवायच्या. सासूसमोर सून खरं बोलत नाही, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

बायकांनी वेगळंच सांगितलं. मोबाईल मुलाचा. तो अंघोळीला गेला की दहा मिनिटं हातात येतो. बातमी मुलगी वाचून दाखवते, तीही तिला वाटली तर.

थिसीस नव्याने लिहिला. पहिले फॉर्म का टाकून दिले, यावर एक अख्खं प्रकरण. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक त्यावरच सगळ्यात जास्त बोलले. मॅडम मागच्या रांगेत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या,

"दोन मिनिटं जास्त घेतले तू."

डिग्री मिळाली. तशी जागा पुन्हा निघाली नाही, मी अजून डेस्कवरच आहे. हेही सांगायला हवं, नाहीतर मॅडम म्हणाल्या असत्या की सोयीचं तेवढंच लिहिलंस.

काल अंत्ययात्रेला बरेच जण होते. कोणी प्राध्यापक, कोणी अधिकारी, काहींचा थिसीस अजून अर्धाच. मागे एका झाडाखाली शोभाताई उभ्या दिसल्या. केळझरहून एकट्या आल्या होत्या.

मी म्हटलं, "एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"बाई माह्या घरी तीनदा आलती. मंग मले एकदा याले नाई पायजे?"

मॅडम, हा शेवटचा नमस्कार.

जय भीम.