काकांचा तिसरा प्रश्न

अख्ख्या सातारा जिल्ह्यात ‘नको’ म्हटल्यावर खरोखर थांबणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा होता. आटपाडीकडं आमच्यात रीत अशी की पाहुण्यानं दोनदा नको म्हणायचं, यजमानानं ते ऐकूच न आल्यासारखं करायचं आणि तिसऱ्या वेळी पाहुण्यानं पोटभर जेवायचं. कॉलेजसाठी साताऱ्याला मावशीकडं राहायला आलो त्या पहिल्या संध्याकाळी काकांनी भाकरीची टोपली पुढं केली. मी रीतीप्रमाणं “नको काका” म्हणालो. काकांनी टोपलीवर फडकं टाकलं आणि ती आत नेऊन ठेवली. मी उपाशी झोपलो. सकाळी मावशी त्यांच्यावर कडाडली, तर म्हणाले, “त्यानं न्हाई म्हटलं की! बीए व्हायला आलंय, खोटं बोलंल व्हय?” तेव्हापासून मी त्यांचा ‘बीए’ झालो, पदवी मिळायच्या कितीतरी आधी. पण त्याच टोपलीतल्या भाकरीवर आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर तयार झाला, हेही इथंच सांगून टाकतो.

काका छत्रीवाल्या पलटणीत होते. विमानातून उडी मारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, पण आपली पहिली उडी ते हिशेबात धरत नसत. “ती माझी न्हवं. ती आमच्या उस्तादाच्या लाथंची,” म्हणायचे. दारात पाय थबकले तेव्हा मागून लाथ बसली होती. “खाली येईस्तवर एकच इचार, मला कुणी इचारलंच न्हाई.” त्या लाथेचा सूड त्यांनी जन्मभर आग्रह करणाऱ्यांवर उगवला. एका लग्नात वाढपी जावयाच्या पानात बळंच जिलेबी टाकत होता, तर काकांनी पंगतीतून उठून त्याचं मनगट धरलं. “न्हाई म्हणतोय नव्हं त्यो?” मावशीनं पदरात तोंड लपवलं, मी वरणाच्या वाटीत. गंमत म्हणजे जावयाला जिलेबी हवी होती. तो दिवसभर काकांकडं रागानं बघत होता.

पेन्शनीत आल्यावर काका पाटणकडच्या एका पठारावर हौशी लोकांना छत्रीनं उडवू लागले. तिथं विमान नव्हतं. वाऱ्यावर छत्री फुगवायची आणि उतारावरून पळत सुटायचं, एवढंच. नवखं माणूस पुढं, काका मागं, दोघं एकाच छत्रीला बांधलेले. इथं मात्र काका तीनदा विचारत. एकदा पायथ्याशी, एकदा वर गेल्यावर आणि शेवटचं, सगळे पट्टे आवळून झाल्यावर. तिसऱ्या वेळी ते बरोबरच्या सगळ्यांना हाताच्या इशाऱ्यानं दूर बाभळीपर्यंत पिटाळत आणि मगच हळू आवाजात विचारत. मी एकदा म्हटलं, “जेवायला एकदा विचारता आणि याला तीनदा?” तर म्हणाले, “भाकरी चुकली तर एक रात उपाशी. हितं चुकलं तर दोन माणसं.”

माझं लग्न झालं त्या वर्षी सांगलीची सासुरवाडी मी त्या पठारावर नेली. सासऱ्यांची हळदीची अडत, घरात सगळे शिकलेले, आणि मला त्यांच्यासमोर दाखवायला दुसरं काही नव्हतं. महिनाभर मी छत्रीच्या गप्पा मारत होतो. “आमची सुनंदा उडणार, बघाच तुम्ही,” असं बायकोच्या वतीनं मीच जाहीर केलं होतं. सुनंदा पायथ्याशी हो म्हणाली, वर गेल्यावर हो म्हणाली. हेल्मेट चढलं, पट्टे आवळले. काकांनी आम्हाला बाभळीकडं हाकललं आणि तिच्या कानाशी वाकले. मग सावकाश एकेक पट्टा सोडला आणि ओरडले, “सूनबाई येत न्हाईत!”

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मेव्हणा हसला. मी तरातरा काकांकडं गेलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, “काका, थोडं समजावलं असतं तर आली असती.”

“आली असती की,” काका म्हणाले. “समजावून आणल्यालं माणूस उतारावर मधीच बसतं. दोघांच्याबी तंगड्या मोडत्यात.” आणि मग, अगदी सहज, “तू इचारलं हुतंस का रं तिला?”

मी जाहीर केलं होतं. विचारलं नव्हतं. सुनंदा खाली मान घालून हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. लाज वाटली, पण ती सासुरवाडीला दिसू नये म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, “मग मी जातो!”

“वा, जावईबापू!” सासरे बाभळीखालून म्हणाले.

काकांनी मला पट्टे बांधले, सुनंदालाही बाभळीकडं पाठवलं आणि समोर येऊन उभे राहिले. पुढं उतार होता, त्याच्यापुढं काहीच नव्हतं. “बोल बीए. येक शब्द. व्हय का न्हाई?”

वारा छान होता. सगळी सांगली माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, “नको काका.”

पहिल्या संध्याकाळी म्हणालो होतो तेच शब्द. या वेळी मात्र ते खरे होते. काकांनी माझ्या खांद्यावर एकदा थोपटलं, पट्टे सोडले आणि बाभळीकडं बघून ओरडले, “आज कुणीच येत न्हाई! चहा टाका!” का, ते त्यांनी सांगितलं नाही. परतताना जीपमध्ये सुनंदानं हळूच विचारलं तेव्हा मी म्हणालो, “वारा पडला.”

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी ती आपणहून म्हणाली, “मला जायचंय.” मी तिच्या चपला हातात धरून बाभळीखाली उभा राहिलो. काका वाकले, तिनं काहीतरी सांगितलं, दोघं हसले आणि पळत सुटले. तेवढ्या अंतरावरून काही ऐकू येत नाही. आज कळतं, ते तसंच असावं म्हणून काका माणसांना तिथवर पिटाळत.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हयातीत घरी कुणी पाहुणा विचारायचाच, “मग तुम्ही नाही गेलात कधी?” मी म्हणायचो, “त्या दिवशी वारा पडला ना.” काका खिडकीतून आभाळाकडं बघत, जणू त्या दिवशीचा वारा आठवत, आणि आत हाक मारत, “चहा टाका गं.”

आता पाहुणे विचारतात, तेव्हा मी उत्तर देतो आणि उगाच थोडा वेळ थांबतो. चहासाठी आत कुणी हाक मारत नाही.