हातावरचा नंबर

माझा स्वभावच भित्रा. नवरा म्हणतो, "तुला काळजी करायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते." म्हणू दे बापडा. लेक लहान असताना इथे आखातात, करामाच्या भर बाजारात माझा हात सोडून दिसेनाशी झाली होती. दोन दुकानांपलीकडे सापडली, रडतसुद्धा नव्हती. माझी झोप मात्र तेव्हा उडाली ती उडालीच.

आता ती अकरा वर्षांची आहे आणि इथल्या मुलांच्या एका गायनवृंदात गाते. गेल्या हिवाळ्यात युरोपातून तरुण मुलामुलींचा एक वृंद इकडे दौऱ्यावर आला. त्यांच्याबरोबर नव्वदीच्या एक आजी होत्या, हिटलरच्या छळछावणीतून लहानपणी वाचलेल्या. मुलं गायची आणि मधे मधे आजी आपली हकिगत सांगायच्या. फुजैरा या दुसऱ्या गावातल्या कार्यक्रमात शेवटची दोन गाणी आमच्या मुलांनी त्यांच्याबरोबर म्हणायची ठरली.

मदतीला म्हणून इतर आयांबरोबर मीही बसमध्ये चढले. निघता निघता गाण्याच्या सरांनी मुलांचे मोबाइल पिशवीत गोळा केले, का तर स्टेजवर वाजायला नकोत. झालं! परकं गाव, गर्दी, आणि पोरीजवळ फोन नाही. मग आपल्याकडे जत्रेत आया करतात तेच मी केलं. पर्समधून मार्कर काढला, लेकीची बाही वर सारली आणि हातावर माझा नंबर लिहिला.

"आई, स्टॉप इट! आय ॲम नॉट अ बेबी!"

"गप बस. हरवलीस म्हणजे?"

माझं बघून बाकीच्या आयांनीही मार्कर मागितला. बसभर फिरला तो. मला उगाच आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

हॉलवर पोचल्यावर वॉशरूममध्ये गेले, तर आजी हात धूत होत्या. स्वेटरची बाही कोपरापर्यंत. डाव्या हातावर फिकट निळं काहीतरी होतं. आधी वाटलं गोंदण, आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावर असतं तसं. मग आकडे दिसले, छळछावणीत कैद्यांच्या हातावर गोंदायचे ते. आजी माझ्याकडे बघून हसल्या, बाही खाली ओढली आणि गेल्या. मी नळ सोडून तशीच उभी राहिले. अगं बाई, काय करून बसले मी!

धावत मुलांच्या खोलीत आले. मुलं स्टेजवर जायच्या क्रमाने रांगेत उभी होती. कोणाचं अक्षर चांगलं हे बघायला सगळ्यांनी बाह्या दुमडलेल्या, आणि एकेका हातावर आकडे. आपलीच पोरं ती, तरी मला बघवेना.

"बाह्या खाली! यल्ला, पटकन!"

सॅनिटायझर घेतलं आणि टिश्यूने एकेकाचा हात घासत सुटले. शाई पसरायची, पण जायची नाही. "आंटी, इट हर्ट्स," एक मुलगी म्हणाली, तरी मी थांबले नाही. आजी आत आल्या आणि त्यांनी ही रांग पाहिली तर? या वयात त्यांचं काही बरंवाईट झालं तर? रांग संपत आली तेव्हा लक्षात आलं, माझी लेकच त्यात नव्हती.

"शी वेंट विथ द ओल्ड लेडी," कोणीतरी म्हणालं.

पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. लेक सोफ्यावर आजींना चिकटून बसलेली. बाही वर, आणि तिचा हात आजींच्या मांडीवर. उशीर झाला होता. मला आत जाववेना आणि मागेही फिरवेना.

"हा कोणाचा नंबर?" आजींनी इंग्रजीत विचारलं.

"माय मॉम्स. इन केस आय गेट लॉस्ट. शी वरीज अ लॉट."

आजींनी स्वतःची बाही वर सारली आणि आपला हात लेकीच्या हाताशेजारी ठेवला.

"मी तुझ्याएवढीच होते. स्टेशनवर आईचा हात सुटला. नंतर छावणीत त्यांनी मला हा नंबर दिला. पण यावरून कोणालाच बोलावता येत नव्हतं."

आजींनी पर्समधून फोन काढला, चष्मा नीट केला आणि तिच्या हातावरचा एकेक आकडा पुटपुटत दाबू लागल्या. शून्य. पाच.

माझ्या हातातला फोन वाजला. दोघींनी दाराकडे बघितलं. वाटलं, कट करावा आणि पळून जावं. पण मी समोर दिसत असूनही आजींनी फोन कानावरून काढला नाही. मी उचलायची वाट बघत होत्या.

मी उचलला. "हॅलो?"

आजी माझ्याशी बोलल्याच नाहीत. त्या लेकीकडे वळल्या.

"उचलला," त्या म्हणाल्या. "बघ, तुझ्या आईने उचलला."